फियाटचे पुढचे ब्रेक

हे सांगायचं मी बारा वर्षं टाळलं. टाळलं म्हणजे विसरलो नव्हतो. उलट ही हकीकत मी या बारा वर्षांत पन्नासदा तरी सांगितली असेल. जुन्या गाड्यांच्या मंडळात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दवाखान्यात नंबर येईपर्यंत शेजारच्या अनोळखी माणसाला. फक्त प्रत्येक वेळी खोटी सांगितली. खरी आता सांगतो. वय एक्याऐंशी आहे, आणि खोटी सांगताना पूर्वी जी मजा यायची ती आता येत नाही.

हकीकत एका मिस्त्रीची आहे. कोल्हापुरात उद्यमनगरात त्याची शेड होती. नाव लिहीत नाही. ज्यांना त्याची माहिती आहे त्यांना दोन ओळींत कळेल, आणि मुख्यतः त्यांच्यासाठीच हे लिहितोय.

गाडी दारात आली की हा माणूस आधी तिच्याकडे बघायचाच नाही. हातातलं काम संपवायचा, चिंधीला हात पुसायचा आणि मग पुढच्या चाकाशी उकिडवा बसून हाताची उलटी बाजू चाकाजवळ न्यायचा. टेकवायचा नाही, नुसती जवळ. चाक किती तापलंय ते तो असं बघायचा. मग उठून दुसऱ्या चाकाकडे. मालक तोवर सांगत असायचा, इंजिन कसं गुळगुळीत आहे, चढाला कशी ओढते. मिस्त्री सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "पळतीय ते कळलं की, पावणं. थांबतीय का ते सांगा."

हे वाक्य तो प्रत्येकाला म्हणायचा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, काय बोलला. दहाव्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, याच्याकडे एवढं एकच वाक्य आहे. मी दहाव्यांदा ऐकणाऱ्यांतला.

आणि आधीच एक सांगून ठेवतो. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना त्याला देवमाणूस करायची आपल्याकडे पद्धत आहे. तो देवमाणूस नव्हता. आखडू होता. तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सरकवण्यासाठी वाक्य मध्येच सोडून द्यायचा आणि समोरच्याने थांबावं अशी त्याची अपेक्षा असायची. कुणाला बसा म्हणायचा नाही. शेडमध्ये स्टूल एकच, त्यावर तो. स्वतःची चूक कधी कबूल करायचा नाही, आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा चूक त्याची नसायचीच. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. काम त्याच्याकडूनच करून घ्यावं लागतं आणि तोंड मात्र बघू नये असं वाटतं.

मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली. कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो. धरणांचे दरवाजे माझ्या सहीने उघडायचे. अशा माणसाला एका सातवी पास मिस्त्रीने "थांबतीय का" असं विचारावं, याचा मला राग होता. तो माझ्याहून चार-पाच वर्षांनीच लहान. मी त्याला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करत होतो. तो मला साहेब म्हणायचा, पण पान्याला पाना म्हणावं तसं.

माझी फियाट लग्नानंतर दोन वर्षांनी घेतलेली. मलईच्या रंगाची, आजही आहे. तिला चारी चाकांना जुने ड्रम ब्रेक होते. दाबले की गाडी आधी विचार करायची आणि मग डावीकडे ओढत थांबायची. चाळीस वर्षं माझं त्यात काही अडलं नव्हतं. पण आमच्या मंडळातल्या एका बिल्डरने पुण्याहून आपल्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक बसवून आणले. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी उघडी लोखंडी थाळी. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात आणि गाडी जागच्या जागी थांबते. बिल्डर ते सगळ्यांना वाकून बघायला लावायचा.

मंडळाबद्दलही दोन शब्द सांगतो. आम्ही पंधरा-वीस म्हातारे. कुणी डॉक्टर, कुणी वकील, कुणी कारखान्याचा माजी अधिकारी. डोक्यावर गोल्फच्या टोप्या. गोल्फ कुणी जन्मात खेळलेलं नाही. महिन्याच्या एका रविवारी गाड्या धुऊन रांगेत उभ्या करायच्या आणि एकमेकांच्या गाडीत काय खोटं आहे ते शोधायचं. मला डिस्क हवी होती ती गाडी नीट थांबावी म्हणून नव्हे, बिल्डरकडे होती म्हणून.

मिस्त्रीने तीन आठवडे घेतले. जुन्या फियाटला बसेल अशी डिस्क तयार मिळत नाही. दुसऱ्या छोट्या गाडीची आणायची, तिचं मधलं भोक लेथवर वाढवायचं, आणि पॅडचा चिमटा धरायला जाड पोलादी पट्टी नव्याने कापायची. ती पट्टी कशी असावी, याचा नकाशा मी घरी बसून काढला होता. मापांसकट, तीन बाजूंनी. मिस्त्रीने तो उलटा धरून बघितला आणि स्टुलाखाली ठेवला. मग भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेल्या लग्नपत्रिकांतली एक काढली, चाक जिच्यावर बसतं त्या लोखंडी मुठीवर दाबून धरली, बोटाने ठसा उठवला आणि कात्रीने कापायला लागला.

"हे काय करतोयस?"

"फर्मा काढतोय की."

"पत्रिकेचा?"

"असा जाड कागद लग्नातच मिळतोय, साहेब."

मी ती पत्रिका हातात घेतली. माझ्याच धाकट्या मुलीची होती. मीच पाठवली होती, चार वर्षांपूर्वी. जावयाच्या पदवीतून बोल्टाचं भोक गेलं होतं.

"लग्नाला आला नव्हतास," मी म्हणालो.

त्याने तंबाखू सरकवली. "पत्रिका आलती की. ठेवलीया जपून."

त्या पत्रिकेवरून कापलेली पट्टी पहिल्या फटक्यात बसली. माझ्या नकाशातलं एक माप तीन मिलिमीटरने चुकलं होतं, हे मला नंतर घरी कळलं. मी ते त्याला सांगितलं नाही. घरी मात्र बायकोपुढे त्याच्या बोलण्याची नक्कल करून दाखवली. ती नक्कल मला फार चांगली जमायची.

काम झाल्यावर त्याने मला उचगावच्या पुढे, कारखान्यांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर नेलं. गाडी मी चालवत होतो, तो शेजारी. नव्या पॅडना डिस्कवर घासून बसवावं लागतं, म्हणून वेग घ्यायचा आणि तो म्हणेल तेव्हा ब्रेक मारायचा.

"दाबा." मी दाबला.

"असा न्हाय. चपलेखाली इंचू आल्यागत दाबा."

पंचवीस-तीस वेळा त्याने मला असं नाचवलं. खात्यात माझ्याशी त्या सुरात कुणी बोललेलं नव्हतं. पण गाडी थांबत होती. सरळ, एका रेषेत, डावीकडे तसूभर न जाता. चाळीस वर्षांत तिने माझं इतकं कधी ऐकलं नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की तो लपवण्यासाठी मी घड्याळ बघितलं.

त्याने उतरून चारी चाकांजवळ हात नेला, परत आला आणि खिडकीत वाकून म्हणाला, "आता ऐका. गाडी धुतली की सकाळी डिस्कवर तांबूस दिसणार. लोखंड हाय, हुतंच. घाबरायचं न्हाय. दोनदा ब्रेक मारला की जातंय. त्येला पालिश न्हाय, तेलाचं बोट न्हाय. कायबी लावायचं न्हाय. म्हंजे न्हाय."

आजवर खोटी हकीकत सांगताना मी हा भाग गाळत आलो. मी ते ऐकलं होतं. नीट, सगळं, शब्दन् शब्द.

पंधरा दिवसांनी खंडेनवमी आली. आमचं मूळ घर शेतकऱ्याचं. खंडेनवमीला घरातलं लोखंड कोरडं ठेवायचं नाही, हा माझ्या वडिलांचा शिरस्ता. विळा, कोयता, खुरपं, कुऱ्हाड, सगळं घासून तेलाचा हात फिरवून पाटावर मांडायचे. पुढे नोकरीतही मी तेच केलं. पावसाळ्याआधी धरणाच्या दरवाज्यांचं लोखंड घासायचं आणि त्याला ग्रीस द्यायचं. लोखंडावर तांब दिसली की माझा हात आपोआप तेलाकडे जातो.

आदल्या संध्याकाळी गाडी धुतली होती. खंडेनवमीच्या सकाळी बघतो तर दोन्ही डिस्कवर नारिंगी थर. दुसऱ्या दिवशी दसरा, मंडळाच्या गाड्या पन्हाळ्याला जाणार, आणि बिल्डर वाकून बघणार.

मी दोन्ही पुढची चाकं काढली. पॉलिश पेपरने डिस्क घासल्या. आरशासारख्या झाल्या. मग बायकोच्या शिलाई मशिनची तेलाची बुधली आणली.

बायको झेंडूच्या माळा घेऊन दारात आली. "मिस्त्री काही लावू नका म्हणाले होते ना? तुम्हीच नक्कल करून सांगत होता."

"त्याला काय कळतंय," मी म्हणालो. "चौतीस वर्षं धरणं सांभाळली मी."

ती माळ ठेवून आत गेली. मी दोन्ही डिस्कना दोन्ही बाजूंनी तेलाचा हात दिला. जादा तेल पुसलं, असं तेव्हा मला वाटलं. हळदकुंकू लावलं, चाकं बसवली, नारळ फोडला. आणि एक क्षणसुद्धा मनात आलं नाही की ज्या थाळीला घट्ट धरून गाडी थांबवायची, तिलाच मी निसरडी करून ठेवतोय. आलं नाही हेही पूर्ण खरं नाही. आलं होतं. मी म्हटलं, दोनदा ब्रेक मारला की जाईल. त्याचंच वाक्य मी माझ्या सोयीने वापरलं.

दसऱ्याला सकाळी निघालो. शेजारी माझा मेव्हणा. शिवाजी पुलाआधीच ब्रेक जड वाटला. पाय रोवला तरी गाडी रेंगाळत थांबत होती. मी मेव्हण्याला म्हणालो, "नवे आहेत, अजून बसायचेत." पुढे वाघबीळपासून चढच, ब्रेक फारसा लागला नाही. वर सगळ्यांनी डिस्क बघितल्या. बिल्डरने खरोखर वाकून बघितल्या आणि म्हणाला, "माझ्याहून चमकतायत." माझा दसरा तिथेच साजरा झाला.

उतरताना तिसऱ्या वळणावर पुढे धूर दिसला. आधी वाटलं दुसऱ्या कुणाच्या गाडीचा. मग जळक्या तेलाचा वास आला. ब्रेक दाबला तर पाय दगडावर ठेवल्यासारखा, आणि गाडी मात्र सुटलेली. मागचे जुने ड्रम एकटे कितीसं धरणार. पुढच्या वळणावर रस्त्याच्या कडेला एक बाई शेगडीवर कणसं भाजत बसली होती. मेव्हणा ओरडला. मी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. पन्नास-साठ फूट दरडीला घासत जाऊन चराच्या तोंडाशी ती आडवी थांबली. शेगडी आणि बंपर यांच्यात हातभर जागा होती.

बाई उठली नाही. कणीस उलटं करून म्हणाली, "आजोबा, घरात दुसरं कोण न्हाय का चालवायला?"

मेव्हण्याचा हात मोडला होता. त्याला बिल्डरच्या गाडीतून खाली पाठवलं. मंडळाचे अध्यक्ष डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी मिस्त्रीला फोन लावला. तासाभरात तो स्कूटरवरून आला. सणाचा नवा शर्ट अंगात, घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. कुणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही. त्याने त्या नव्या शर्टानिशी रस्त्यावर गुडघे टेकले, चाक काढलं, चिमटा सोडवला आणि पॅड हातात घेतला. त्यावरून बोट फिरवलं. बोट अंगठ्याला घासलं. नाकाशी नेलं.

आम्ही सात-आठ जण त्याच्याभोवती उभे होतो.

"साहेब," तो म्हणाला, "ह्याला काय लावलंय?"

मला आठवतं, त्याने हे आवाज न चढवता विचारलं. डॉक्टरने पेशंटला विचारावं तसं, म्हणजे औषध ठरवता येईल.

"काही नाही," मी म्हणालो. "मी कशाला काय लावीन?"

त्याने माझ्याकडे बघितलं. अध्यक्षांना घाई झाली होती. ते म्हणाले, "चाकाच्या हबातलं ग्रीस गळलंय, दुसरं काय. ते अडवणारं सील नीट बसवलं नसणार यानं. जीव गेला असता माणसांचा."

मिस्त्रीने अध्यक्षांकडे बघितलंच नाही. अजून माझ्याकडेच. मग बोट स्वतःच्या पँटला पुसलं आणि म्हणाला, "मग माझंच काय तरी ऱ्हायलं असंल."

त्याने दोन्ही डिस्क पेट्रोलने धुतल्या. स्कूटरच्या डिकीतून दुसरे पॅड काढून बसवले. तेल प्यालेले जुने पॅड रुमालात गुंडाळून खिशात घातले. गाडी स्वतः खाली घेऊन आला. मी शेजारी बसलो होतो. घाटाच्या प्रत्येक वळणावर ती जिथे थांबवावी तिथे थांबत होती. मी काचेतून रस्ता बघत होतो. बोलायला पाऊण तास होता.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. सील बसवता येत नाही तो मिस्त्री, असं दिवाळीपर्यंत सगळ्यांना कळलं. मंडळातल्या सहा जणांनी त्याच्याकडे डिस्कचं काम ठरवलं होतं. सहाही गाड्या पुण्याला गेल्या. ब्रेकच्या कामात एकदा नाव गेलं की ते परत येत नाही, कारण कुणी परत येऊन बघत नाही. जुन्या गाड्या यायच्या थांबल्या, मग नव्याही. दोन वर्षांत त्याने शेड सोडली.

आणि मी काय केलं? मी हकीकत सांगत सुटलो. नुसतं गप्प बसलो असतो तरी एक वेळ समजून घेता आलं असतं. मी ती रंगवली. तंबाखू गालात फिरवून दाखवायची, "मग माझंच काय तरी ऱ्हायलं असंल" हे वाक्य त्याच्या सुरात म्हणायचं. लोक पोट धरून हसायचे. मेव्हणा हात गळ्यात बांधलेला असतानाही हसला. बायको हसायची नाही. एकदा सगळे गेल्यावर कपबशा उचलता उचलता ती म्हणाली, "त्या माणसाला जाऊन भेटा एकदा." मी म्हणालो, "बघू." पुढे ती गेली, आणि खरं माहीत असलेलं माझ्या घरात दुसरं कुणी उरलं नाही.

त्या माणसाला मी तेव्हा तुच्छ समजत होतो. आज मला अजून एक गोष्ट कळते. तुच्छ समजायचं माझं कारण त्याचं शिक्षण नव्हतं, तंबाखू नव्हती. त्याला माझी गाडी माझ्याहून जास्त कळत होती, आणि त्याने ते लपवायचा शिष्टाचार पाळला नव्हता.

बायको गेल्यानंतर मी त्याला शोधलं. उद्यमनगरातल्या शेजारच्या लेथवाल्याने सांगितलं, वारणानगरच्या रस्त्याला एका वेल्डिंगच्या दुकानात असतो. गेलो. दुकानाबाहेर उसाची ट्रॉली उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. मी हाक मारली नाही. फियाटचं इंजिन बंद केलं आणि उभा राहिलो. आवाज ओळखून तो बाहेर सरकला. केस पांढरे, एका डोळ्याला पट्टी.

"काय झालं?" त्याने विचारलं.

सगळी तयारी करून गेलो होतो. आणि तोंडातून निघालं, "डावीकडे जरा ओढतेय."

तो चिंधीला हात पुसत आला, गाडीत बसला, फर्लांगभर जाऊन परत आला. "ओढत न्हाय," म्हणाला. मग दाराला हात टेकून उभा राहिला. "आनी काय?"

माणसाला याहून मोकळं दार कोण देणार? तिथे तो, मी आणि एक ट्रॉली. कुणी ऐकणारं नव्हतं.

"काही नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. मला काहीतरी बोलायचं म्हणून मी ट्रॉलीकडे बोट केलं. "हिचं काय बिघडलंय?"

"आस वाकलाय. हिला ब्रेकच नसत्यात, साहेब," तो परत खाली सरकत म्हणाला. "त्यामुळं बरं हाय. कोण इचारायला येत न्हाय."

गेल्या महिन्यात लेथवाल्याकडूनच कळलं की मिस्त्री वारला. घर उचगावात होतं. मी रिक्षाने गेलो. फियाट घेऊन जायचं धैर्य झालं नाही. दार त्याच्या बायकोने उघडलं. बारीक चणीच्या, ताठ बाई. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाल्या, "तुमी फियाटवालं साहेब न्हवं? गाडीसंगट फोटूत बगितलंतं. बसा, च्या टाकतो."

चहा आला. मी वाक्य जुळवत होतो. त्यांनीच सुरुवात केली.

"त्या दसऱ्याला घरात आल्या आल्या मला सांगितलंतं त्यांनी. साहेबानं डिस्कला तेल लावलंय म्हणून."

मी कप खाली ठेवला.

"मी म्हटलो, मग तितंच का न्हाय बोलला? तर म्हणाले, इचारलं की. साहेब न्हाय म्हणाले. त्या मान्साला चारचौघांत आनी किती वेळा इचारायचं." त्या रागात नव्हत्या. रेशनच्या दुकानात काय झालं ते सांगावं तसं सांगत होत्या. "पॅड आनल्यालं घरी. वास घेऊन बगायचे. खोबरेल न्हवं, इंजनाचं बी न्हवं. लई दिस डोक्यात हुतं त्यांच्या. म्हणायचे, शिलाई मशिनीचं असणार. कंचं हुतं वो?"

"शिलाई मशिनचं," मी म्हणालो.

"बगा," त्या म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघून मान हलवली. नवऱ्याचा अंदाज बरोबर निघाला, एवढंच त्यांच्या तोंडावर होतं.

बारा वर्षांत या विषयावर मी पहिल्यांदा खरं बोललो, आणि ते एका तेलाचं नाव होतं. त्यापुढचं वाक्य मी उचगावच्या फाट्यापासून पाठ करत आलो होतो. त्यांनी विचारलं, साखर कमी झाली का. मी म्हणालो, नाही, छान झालाय. त्या कप घेऊन आत गेल्या आणि आत नळ सुरू झाला. मी चपला घालून दारात उभा राहिलो. नळ बंद होईपर्यंत थांबायचं ठरवलं. नळ बंद झाला, त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या, आणि मी म्हणालो, "येतो."

"या," त्या म्हणाल्या.

पुन्हा जाईन असं इथे लिहिणार होतो, पण मी स्वतःला ओळखतो. म्हणून ते वाक्य इथेच लिहून ठेवतो. मंडळातल्या लोकांनी वाचावं, आणि कुणाला उचगावकडे जायचं असेल तर त्याने त्यांना वाचून दाखवावं.

वहिनी, तुमच्या माणसाचं काही राहिलं नव्हतं. सील बरोबर होतं, काम बरोबर होतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो आणि पुढे बारा वर्षं बोलत राहिलो. मला माफ करा.